बसायची जागा

“मांडी घालून बसायची रीत मेली काढली तरी कुणी!”

आत्या माझ्या कानात पुटपुटल्या. कानात म्हणजे अगदी कानातच, कारण मी त्यांच्या छातीभोवती टेप धरून उभी होते आणि माझ्या तोंडात तीन टाचण्या होत्या. माप देताना बायका काय काय बोलतात. टाचण्या तोंडात असलेली बाई उलट बोलणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

मी टाचण्या काढल्या. “काय म्हणालात?”

“कुठं काय? माप किती आलं?”

“छत्तीस. दिवाळीत अडतीस होतं.”

“बघ, बारीक झाले,” आत्या म्हणाल्या, आणि आरशात स्वतःकडे जरा कौतुकानं बघितलं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. ही गोष्ट अठरा-एकोणीस वर्षांपूर्वीची. तेव्हा आम्ही कराडला शनिवार पेठेत राहायचो आणि मी घरातच पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवायचे. कुठला क्लास केला नव्हता. लग्नातला एक ब्लाऊज उसवून पुन्हा जोडला, जमला, मग शेजारणींचे उसवायला लागले. त्या वर्षी माझ्याकडे मोठी ऑर्डर होती. कृष्णाई महिला भजनी मंडळाच्या बारा बायकांचे जांभळे ब्लाऊज. साताऱ्याला भजनाची स्पर्धा होती, सतरा दिवसांवर.

मंडळाची पेटी आत्या वाजवायच्या. सव्वीस वर्षं. स्टेजवर मधोमध, पुढच्या ओळीत, माइकच्या डाव्या हाताला ही त्यांची बसायची जागा. मामा, म्हणजे माझे सासरे, गेले तेव्हा चौदा दिवस सोडले तर ती जागा कधी रिकामी राहिली नव्हती.

“बाही कोपरापर्यंत ठेवू?” मी विचारलं.

“माझं नकोच शिवूस.”

“म्हणजे?”

“मी नाही यंदा. पेटी नलू वाजवील. येतं तिला.”

“नलूकाकूंना तुम्हीच शिकवलंय. त्या काळ्या पट्टीवर बोट ठेवताना आधी देवाला नमस्कार करतात. अहो, पण का?”

“गुडघे,” आत्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

मी टेप गळ्यात अडकवला आणि विचार करत राहिले. आदल्याच दिवशी याच गुडघ्यांनी शिडी चढून माळ्यावरची लोणच्याची बरणी काढली होती. मी खालून शिडी धरली होती.

आता ट्यूबचं सांगते.

त्याच्या आदल्या श्रावणात माझी अक्कलदाढ सुजली. डॉक्टरांनी अँटिबायोटिकचा कोर्स दिला. दाढ शांत झाली आणि खाज भलतीकडेच सुरू झाली. आठ दिवस मी उभ्यानं मशीन चालवायचं कसं जमेल याचा अभ्यास केला. शेवटी डॉक्टर सोनटक्के म्हणून एक नवीन बाई डॉक्टर आल्या होत्या, त्यांच्याकडे गेले. तोंडानं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून चिठ्ठी लिहून नेली होती. ‘पांढरं जातं. खाज. कृपया मोठ्याने बोलू नये.’ त्यांनी चिठ्ठी वाचली, हसू दाबलं, तपासलं आणि गोळी न् एक ट्यूब दिली. म्हणाल्या, बुरशी आहे, अशा औषधांनंतर होते कधी कधी. बरं वाटलं. संक्रांतीला पुन्हा थोडं झालं, पुन्हा गेले, पुन्हा ट्यूब आणली.

ती ट्यूब मी बटणांच्या डब्यात ठेवली होती. खाली ट्यूब, वर हुकांची पुडकी, त्यावर बटणं. आमच्या घरात त्याहून गुप्त जागा नव्हती.

आणि ट्यूब बारीक होत चालली होती.

आधी वाटलं, आपलाच अंदाज चुकतोय. मग एके दिवशी औषध जिथपर्यंत होतं तिथं टाचणीनं खूण केली. तीन दिवसांनी बघते तर औषध खुणेच्या पुष्कळ खाली. हे जेवायला बसले होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “तुम्ही माझ्या बटणांच्या डब्यात हात घातला होता का?”

“मला बटण लावता आलं असतं,” हे म्हणाले, “तर तुझ्याशी लग्न कशाला केलं असतं?”

म्हणजे हे नव्हेत. केतकी, आमची मुलगी, नऊ वर्षांची. तिच्यावर त्या दिवसांत माझा दुसराच राग होता. न्हाणीघरातल्या मोरीवर मुंग्यांची रांग लागायची. रोज. मी मुंग्यांच्या खडूनं रेघा ओढून ओढून थकले होते.

“सरबताचा ग्लास तिथं धुतेस ना तू?”

“नाही गं आई! देवाशप्पथ!”

“मग मुंग्या काय भजनाला येतात?”

आत्या पलीकडे तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही.

ट्यूबचा छडा लागला तो दात घासताना. आमच्या घरी टूथपेस्ट शेपटीकडून गुंडाळत आणायची आणि गुंडाळीला केसांची पिन लावायची, ही आत्यांची पद्धत. बाकी आम्ही तिघं मधूनच दाबायचो आणि त्यावरून बोलणी खायचो. त्या सकाळी मी पेस्ट हातात घेतली, गुंडाळी बघितली, आणि तशीच तोंडात ब्रश धरून पुढच्या खोलीत गेले. डबा उघडला.

माझी ट्यूब शेपटीकडून नीट गुंडाळलेली होती. पिन तेवढी लावली नव्हती.

दुपारी हे कामावर, केतकी शाळेत. आत्या वाती वळत होत्या. मी समोर पाट ओढून बसले.

“आत्या, तुम्हाला काही त्रास आहे का?”

“कसला?”

“तिकडे.”

“कुठं तिकडे?”

“तिकडे हो.”

“तिकडे म्हणजे सांगलीला?”

“आत्या!”

त्यांनी वात ठेवली. चेहरा आधी लाल, मग पांढरा. मग एकदम माझ्यावरच चढल्या. “आणि तुला कशाला लागते गं ती ट्यूब? तरण्याताठ्या बाईला?”

“तुम्हाला लागते त्यासाठीच.”

मग आत्यांनी हळूहळू सांगितलं. अकरा महिने झाले होते. आग, खाज, मधूनच कमी व्हायची, पुन्हा उसळायची. मांडी घातली की जीव नकोसा व्हायचा. गुडघे ठणठणीत होते.

“डॉक्टरांकडे नाही गेलात?”

“गेले की. आपल्या आप्पा डॉक्टरांकडे. त्यांना म्हटलं, बसायच्या जागेला त्रास आहे.”

“मग?”

“त्यांनी मूळव्याधीचं औषध दिलं.”

मी पाट आणखी पुढं ओढला.

“सहा महिने इसबगोल घेतेय मी,” आत्या म्हणाल्या. “मला मूळव्याध नाहीच.”

“मग सांगायचं ना त्यांना, तिथं नाही म्हणून!”

“कसं सांगू? चाळीस वर्षं मला वहिनी म्हणतात ते. आणि मग कुठं, विचारलं तर?”

मग त्यांनी नलूकाकूंना सांगितलं होतं, तेही थेट नाही. ‘उष्णता झालीय’ एवढंच. नलूकाकू गुलकंद स्वतः करायच्या. गच्चीवर गावठी गुलाब, खडीसाखर, महिनाभर ऊन. त्यांनी मोठी बरणीच आणून दिली. दोन चमचे सकाळी, दोन चमचे संध्याकाळी, थंड दुधातून. वर जिरं-खडीसाखर चघळायला.

“बरं वाटलं का?”

“गोड लागतो,” आत्या म्हणाल्या. “खाज वाढलीच. मग मी दिवसाला सहादा धुवायला लागले, डेटॉल घालून. मग तुझी ट्यूब सापडली. हुक शोधत होते मी, खरंच. चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच.”

“उद्या सोनटक्के बाईंकडे जाऊ.”

“नको.”

“बाई डॉक्टर आहे, आत्या.”

“बाई असली म्हणून काय झालं? मी नाही जायची. पेटी नलूला द्या म्हणावं, संपलं.”

हे ‘संपलं’ त्या ज्या आवाजात म्हणाल्या, त्या आवाजात मी त्यांना एकदाच बोलताना ऐकलं होतं, मामांचे कपडे बोहारणीला देताना.

मी दुसरं काही केलं नाही. त्यांच्या मापाचा छत्तीसचा ब्लाऊज कापला, शिवला, हुक लावले, इस्त्री केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीवर नेऊन ठेवला. तासाभरानं आत्या चप्पल घालून दारात उभ्या. “चल. पण बोलायचं तू.”

दवाखान्यात सोनटक्के बाईंनी मला ओळखलं. “या, चिठ्ठीवाल्या बाई. आज काय लिहून आणलंय?”

“मी नाही. या, माझ्या सासूबाई.”

“बोला आजी.”

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

“बसायच्या जागेला त्रास आहे,” आत्या म्हणाल्या.

“शौचाला जाताना दुखतं? रक्त?”

झालं, गाडी पुन्हा मूळव्याधीच्या वाटेला लागली. मी घाईनं म्हटलं, “तसं नाही, पुढून.”

“पुढून म्हणजे? पोटात?”

“नाही, खाली. मधे. म्हणजे ते… लघवीच्या तिथं, पण लघवीचं नाही.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “आजी, मी गेल्या गणपतीत तुमचं भजन ऐकलंय. पेटीवर तुम्हीच ना?”

“हो.” आत्यांचा चेहरा जरा उजळला.

“चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा, असं काहीतरी म्हणता तुम्ही. खड्या आवाजात, माइकवर.”

“म्हणते की.”

“चौऱ्याऐंशी लाखांचं नाव माइकवर घेता. मला एकीचंच सांगा. तेही दार बंद करून.”

मला हसू आवरेना. आत्यांनी मला कोपर मारलं, आणि मग त्यांच्याही पदराआड काहीतरी हललं. शब्द मात्र त्या बोलल्या नाहीत. नुसती मान डोलावली, खाली, त्या दिशेला. बाईंनी त्यांना पडद्यामागं नेलं, तपासलं, आणि हात धुऊन येता येता विचारलं, “तहान फार लागते?”

“उन्हाळा आहे ना.”

“लघवीला सारखं जावं लागतं? वजन उतरलंय?”

“दिवाळीपासून दोन इंच,” मी म्हटलं. मी किलोत नाही, इंचात ओळखायचे माणसाला.

“आणि मोरीवर मुंग्या?”

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मला केतकीचा तो चेहरा आठवला, देवाशप्पथ म्हणतानाचा.

बाईंनी आत्यांच्या बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला. छोटं यंत्र पिपाणीसारखं वाजलं. तीनशे बेचाळीस.

“आजी, तुम्हाला साखर आहे. बरीच आहे आणि बरेच दिवस असणार. म्हणून ही बुरशी जाते आणि परत येते. आत्तापर्यंत यावर काय काय केलंत?”

आत्यांनी गुलकंदाचं सांगितलं.

“रोज?”

“चार चमचे. थंड दुधातून.”

“आणि खडीसाखर,” मी म्हटलं.

बाई खुर्चीत मागं रेलल्या. “त्या बुरशीला साखर भारी आवडते हो. आणि तुम्ही तिला सकाळ-संध्याकाळ पंगत वाढत होता.”

मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. बुरशीच्या गोळ्या, आत ठेवायचं औषध, किती दिवस ते. डेटॉल बंद, साबण बंद, साधं पाणी, तेही दोनदा पुरे. सुती कपडे, ओलं राहायचं नाही. उद्या उपाशीपोटी रक्त, मग साखरेचं औषध. पुन्हा पुन्हा आलं तर काही महिने आठवड्याला एक गोळी, पण ती त्या सांगतील तेव्हाच. “खाज आठवड्यात उतरेल. पण साखर नाही उतरली तर ती पुन्हा दार वाजवणार, एवढं ध्यानात ठेवा.”

मी उठले. आत्या उठल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

“बाई,” त्या म्हणाल्या, “हे… तसलं नाही ना?”

“कसलं?”

“आमच्या यांना जाऊन नऊ वर्षं झाली.”

बाईंनी मान वर केली.

“नऊ वर्षं झाली,” आत्या पुन्हा म्हणाल्या, “मग हे मला कुठून? कुणाला कळलं तर काय म्हणतील? माझ्यापुढं बसून देवाचं नाव घेतात बायका.”

डॉक्टरीणबाईंनी आपली खुर्ची टेबलाला वळसा घालून त्यांच्याशेजारी आणली. “आजी, हे कुणाकडून लागलेलं नाही. ही बुरशी थोडी थोडी कितीतरी जणींच्या अंगावर असते, गप पडून असते. साखर वाढली की माजते. तुमच्या सुनेला दाढेच्या औषधानं झालं. तुम्हाला साखरेनं. यात तुमचं वागणं कुठंच आलं नाही.”

आत्यांनी पदर तोंडावर घेतला. मी भिंतीवरचा गुबगुबीत बाळाचा फोटो बघत राहिले. आत्यांच्या अंगाचा इंच न् इंच मला पाठ आहे, असं मी कालपर्यंत मिरवायचे.

पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात गुप्त कारभार चालला. ह्यांना एवढंच सांगितलं की आत्यांना साखर निघाली. “पण गुडघ्यांचं काय?” ह्यांनी विचारलं. “गुडघे बरे झाले,” आम्ही दोघी एकदम म्हणालो. नलूकाकूंना आत्यांनी बरणी परत दिली, डॉक्टरांनी गोड बंद केलंय म्हणून. नलूकाकूंनी कशानं, काय, हे विचारलं नाही आणि आत्यांनी सांगितलं नाही. केतकीला मी कारण न सांगता दोन आइस्क्रीम कोन घेऊन दिले. मोरीवरची रांग विरळ झाली. नवव्या दिवशी दुपारी मला पुढच्या खोलीत पेटीचा आवाज आला. डोकावून बघितलं तर आत्या जमिनीवर, मांडी घालून, डोळे मिटून. मी मशीन थांबवलं नाही. थांबवलं असतं तर त्यांनी डोळे उघडले असते.

स्पर्धेच्या सकाळी मंडळाची ट्रॅक्स गाडी निघाली. बारा बायका, पेटी, तबला, टाळांची पिशवी आणि मी. मला घेतलं होतं ऐनवेळी हुक तुटले तर लावायला. एकीच्या मांडीवर दुसरीची पर्स अशी दाटी. ड्रायव्हर एक मिशाळ मनुष्य होता, त्यानं आरशात जांभळा रंग बघून आधीच मान खाली घातली होती.

उंब्रज मागं पडलं असेल नसेल, माझ्या डाव्या बाजूला पुतळाकाकू चुळबुळायला लागल्या. या आमच्या तबल्यावर. पन्नाशीच्या, अंगानं भरलेल्या, मोठ्यानं हसणाऱ्या. या कुशीवर झाल्या, त्या कुशीवर झाल्या, मग माझ्या कानाशी येऊन करवादल्या, “मेलं दोन घटका टेकवत नाही बाई हल्ली.”

नलूकाकूंचे कान तिखट. “काय होतंय गं पुतळे?”

“काही नाही. उष्णता.”

“अगं मग मला नाही का सांगायचं!” नलूकाकूंनी टाळांच्या पिशवीत हात घातला आणि बरणी काढली. तीच बरणी. झाकणाला गुलाबी फडकं बांधलेलं. “ने, सगळीच ने. अनसूयाताईंना दिली होती, त्यांचा गुण आला बघ. गुडघे किती दुखत होते, आज बसल्यात की नाही ऐटीत?”

अनसूयाताई म्हणजे आत्या. त्या पुढच्या सीटवर पेटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती, आणि पाठीवर मी शिवलेला ब्लाऊज, मधली शिवण सरळ.

“उष्णता म्हणजे नक्की कुठं गं?” पलीकडून कुणीतरी विचारलं.

“उष्णता म्हणजे उष्णता,” पुतळाकाकू म्हणाल्या. “बसायच्या जागेला.”

“हं,” सगळ्या म्हणाल्या. पुढं कुणी काही विचारलं नाही. एकीनं खिडकीबाहेर ऊस चांगला आलाय म्हटलं. नलूकाकूंनी फडकं सोडून चमचा शोधायला घेतला. मी तोंड उघडलं. खरं सांगते, उघडलं होतं. पण त्यातून एवढंच आलं, “काकू, गोड जरा…” आणि शब्द संपले.

चमचा सापडला. भरला. पुतळाकाकूंनी ‘आ’ केला.

“पुतळे, तोंड मीट.”

आत्या वळल्या होत्या. दोन्ही हात पेटीवर. आवाज स्टेजवरचा, शेवटच्या ओळीपर्यंत जाणारा.

“नलू, ठेव ती बरणी खाली. माझे गुडघे कधी दुखत नव्हते.”

गाडीत टाचणी पडली असती तर मला ऐकू आली असती. तो आवाज मी ओळखते. ड्रायव्हरनं घाईघाईनं टेप लावायला हात पुढं केला.

“राहू दे हो भाऊ, तुमच्याही घरी बायका आहेत,” आत्या म्हणाल्या. मग त्यांनी एक श्वास घेतला, पेटीचा भाता भरावा तसा, आणि पुतळाकाकूंच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, “चौऱ्याऐंशी लाखांचं नाव घेताना आपण लाजत नाही, मग एकीचं घ्यायला काय झालं? मला योनीला खाज होती, पुतळे. बुरशीची. अकरा महिने. मला वाटायचं माझंच काहीतरी पाप असणार, आणि ती निघाली साखरेची. आता तू सांग. तुझी कुठं आहे?”